आक्काचं उत्तर उशिरा येतं

...नाही, पण मला सांगा, तो 'जी' म्हणजे काय हे मी का सांगायचं? माझं चष्म्याचं दुकान आहे हो. मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, खालची ओळ दिसली नाही की नंबर काढतो, फ्रेम गळ्यात मारतो, माझा विषय तिथे संपला. पण आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांचं म्हणणं असं, की ज्याला भिंगातलं कळतं त्याला मोबाईलमधलं कळलंच पाहिजे, का, तर दोन्हीला काच असते. आता ह्यावर काय बोलणार? मी शटर वर करायच्या आधी रोज दाजी पायरीवर हजर, हातात मोबाईल, आणि बोट त्या वरच्या कोपऱ्यावर, जिथे त्या चढत्या उंचीच्या काड्या असतात ना, तिथे. "मेव्हणे, हे बघा. काड्या पूर्ण. शेजारी लिहिलंय फोर जी. बिल भरलेलं. चार्जिंग फुल. मग अडकतंय कुठे?"

काय अडकतंय, ते सांगतो तुम्हाला. घाई नाही ना? असली तरी बसा, कारण मी हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज दुकान उघडणार नाही.

दाजी माणूस कसा, ते आधी ऐका. त्यांनी नोकरीभर वजनं-मापं तपासली. सरकारी खातं असतं बघा, दुकानात येऊन तराजू बघतात, किलोचं वजन खरंच किलोचं आहे का, लिटरच्या मापाला खालून पोचा पाडलाय का, पेट्रोलपंपावर माप भरून रेघेशी डोळा लावून बघतात... ते खातं. दाजी बाजाराच्या ह्या टोकाला शिरले की त्या टोकाचे भाजीवाले मापं पुसायला घ्यायचे. रिटायर झाले, पण सवय सुटते का? अजून खोकल्याच्या औषधाचं टोपण डोळ्यासमोर धरतात आणि औषध रेघेला टेकलंय का ते बघतात. खोकून खोकून माणूस लाल झालाय, पण रेघ महत्त्वाची.

आणि दाजींची बहीण, आक्का. दाजींहून मोठी, राहते दुसऱ्या गावी, एकटी. तिची सगळी नोकरी बसस्टँडवर माईकसमोर गेली, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगण्यात. तिच्या आवाजाला खरं तर नेटवर्कची गरजच नाही, ती खिडकी उघडून बोलली तरी इकडे ऐकू यावं. तर ह्या दोघांचा रोज संध्याकाळी फोन. आणि फोनवर काय? ख्यालीखुशाली? छे. भांडण. शुद्ध, निर्मळ, रोजचं भांडण. लहानपणी आरशाला तडा कुणी पाडला, वडिलांचा लाडका कोण, शेजाऱ्यांचं कुत्रं काळं होतं की तपकिरी... ते कुत्रं जाऊन पन्नासएक वर्षं झाली असतील, पण रंगाचा निकाल अजून लागलेला नाही.

आणि आक्काचं उत्तर कसं यायचं माहितीये? दाजी म्हणणार, "आक्का, आवाज घोगरा येतोय तुझा, म्हातारी झालीस आता," की त्यांचा शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत पलीकडून, "आवाज बरोबर आहे छोट्या, तुझे कान गेलेत. केस गेले तेव्हाच म्हटलं होतं, आता कानांचा नंबर." दाजी साठीच्या पुढे गेले, तरी तिला छोट्याच. फोन ठेवला की दाजींचा चेहरा असा तुकतुकीत व्हायचा, की ताई म्हणायची, "झालं वाटतं भांडण. आता जेवतील नीट."

मग दाजींना छातीत दुखायला लागलं. दवाखाना, धावपळ, स्टेंट टाकला, सगळं सुरळीत पार पडलं, घरी आले. आणि घरी आल्यावर सगळे त्यांना जपायला लागले. ताई कुजबुजत बोलायची. मुलगा-सून व्हिडिओ कॉलवर असे हसायचे, की दाजी म्हणाले, "ह्यांना माझा फोटो दिसतोय की मी?" आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा पत्त्यांत त्यांना जिंकू द्यायला लागलो. मी! ज्याने बहिणीच्या साखरपुड्यालाही ह्या माणसाला एक डाव सोडला नव्हता.

एक आक्का तेवढी उरली होती. तिला फोन लावला. मी समोरच बसलो होतो, स्पीकर चालू. दाजींनी पहिलाच चेंडू टाकला, "आक्का, दवाखान्यातला चहा प्यायलो आणि तुझी आठवण आली. तस्साच. बेचव." आणि टेकून बसले, आता येईल, आता येईल...

काहीच नाही.

दोनेक सेकंद गेले असतील. मग पलीकडून आवाज आला, "बरं."

बरं? आक्का बरं म्हणाली? दाजींनी फोन कानापासून लांब धरून बघितला, नंबर बरोबर आहे का. पुन्हा टाकला, "कुत्रं काळं होतं हं." पुन्हा शांतता... आणि मग, "असेल बाबा." अहो, पन्नास वर्षांचा खटला, आणि ही बाई म्हणते असेल बाबा! फोन ठेवला, दाजी बराच वेळ त्या काड्यांकडे बघत बसले आणि मला म्हणाले, "मेव्हणे, बोलणं मध्ये कुठेतरी अडकतंय. माझं तिकडे उशिरा पोचतंय, त्यामुळे तिचा ताल जातोय. भांडणात ताल गेला की राहिलं काय?" मी म्हटलं, असेल. "असेल नाही. बघायला पाहिजे. अडकतंय कुठे?"

आणि दैव बघा. दाजींच्या खिडकीसमोर भलंमोठं होर्डिंग. त्यावर एक मुलगी मोबाईल धरून उभी, केस मागे उडतायत, आणि खाली लिहिलंय, 'आता थांबणं विसरा. फाइव्ह जी.' दाजी आजारपणात आठवडाभर त्या मुलीकडे बघत झोपले होते, ताईला वाटत होतं औषधांची गुंगी आहे. गुंगी कसली, माणूस विचार करत होता, की ह्या बाईचे केस नेमके कशाने उडतायत.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन मोबाईलच्या दुकानात. माझं दुकान बंद ठेवून. काउंटरवर एक बाई, गळ्यात पट्टी, पट्टीवर लिहिलेलं 'मला विचारा'. अहो, दाजींना असं लिहून देतात का?

"हा जी म्हणजे काय?"

"जनरेशन, सर. पिढी. टू जी, थ्री जी, फोर जी, फाइव्ह जी. प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा फास्ट."

दाजी खूश. खुर्ची ओढून बसले. "म्हणजे पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा. बरोबर. मग इथे पाटीवर फोर जी प्लस लिहिलंय, तो कोण?"

"तो फोर जीच, सर. पण जास्त."

"म्हणजे घरजावई."

ती बाई बिचारी हसली. तिला वाटलं काका विनोदी आहेत. तिला काय माहीत, हा माणूस जेवणाच्या सुट्टीनंतरही तिथेच बसलेला असणार. "आणि ह्या फोनच्या खोक्यावर फाइव्ह जी रेडी, म्हणजे काय?" म्हणजे फोन तयार आहे, सर. "आणि कार्ड?" कार्डही तयार आहे. "मग मिळेल मला फाइव्ह जी?" टॉवर तयार झाला की मिळेल. दाजी माझ्याकडे वळून म्हणतात, "ऐकलंत? गाडी तयार, ड्रायव्हर तयार, आता फक्त रस्ता बांधायचाय." मग दुसऱ्या कंपनीचा कागद उचलला, त्यावर 'खरं फाइव्ह जी'. संपलं. "खरं? मॅडम, उद्या दूधवाला दारात येऊन म्हणाला, की आज खरं दूध आणलंय, तर तुम्ही त्याला आधी काय विचाराल?"

पण खरी मजा पुढे आहे. दाजींना त्या कागदावर एक शब्द सापडला. वेगाचा आकडा एवढा मोठा, हाताच्या पंजाएवढा, आणि त्याच्या पायाशी एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ खालच्या कोपऱ्यात, इतक्या बारीक अक्षरात, की ते वाचायला माझ्या दुकानातलं भिंग लागावं. दाजींनी चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला, आणि वाचलं. "ह्या वेगा*पर्यंत*." कागद खाली ठेवला. मॅडमकडे बघितलं. आवाज चढवला नाही, पण मला माहीत होतं, बाजारात असा आवाज लागला की माणसं मागच्या दाराने पळायची. "मॅडम, माझ्या नोकरीत एखाद्या वाण्याने पाटी लावली असती, 'एक किलोपर्यंत साखर', आणि पुडीत चिमूटभर घातली असती, तर मी काय केलं असतं? चिमूटसुद्धा एक किलोपर्यंतच येते. रिकामी पुडीसुद्धा येते." ती बाई म्हणाली, "सर, सगळ्याच कंपन्या लिहितात." दाजी म्हणाले, "सगळेच वाणीसुद्धा हेच म्हणायचे."

एवढं बोलून माणसाने उठून यावं की नाही? नाही. फाइव्ह जीचा फोन घेतला, कार्ड घेतलं. मी म्हटलं, दाजी, आत्ताच तर त्यांना झापलंत. "मेव्हणे, माल बघितल्याशिवाय केस होत नाही."

संध्याकाळी नवीन फोनवरून आक्काला फोन. "आक्का, नवीन फोन घेतला, आता तरी बुद्धी चालव जरा पटपट." शांतता. "छान केलंस." मग अडकतंय कुठे?

मग एक दिवस काय झालं, सकाळी दाजी माझ्या पायरीवर नाचत. अक्षरशः. कोपऱ्यात चारच्या जागी पाच! काहीही केलं नाही, फोन रात्री आपोआप बंद होऊन चालू झाला आणि पाच आला. कुणीतरी दाजींना ते वेग मोजायचं ॲप घालून दिलं होतं, त्यात गोल तबकडी आणि काटा असतो. काटा म्हटल्यावर तुम्हाला सांगतो, दाजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मोजलं. काटा कालच्याच जागी. परत मोजलं. कालच्याच जागी. कस्टमर केअरला फोन.

"सर, ते चिन्ह आपल्या भागात फाइव्ह जी उपलब्ध होऊ शकतं हे दर्शवतं."

"होऊ शकतं. पण आत्ता आहे का?"

"सर, चिन्ह आहे."

"चिन्ह मला दिसतंय हो. चिन्हाच्या मागे काही आहे का?"

"सर, आणखी काही मदत करू शकते का?"

दाजींनी फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या त्या पाचावर बोट टेकवलं. म्हणाले, "आम्ही वजन आधी तपासायचो, मग त्यावर शिक्का. ह्यांनी शिक्का मारून ठेवलाय, वजन मागाहून पाठवणार आहेत." पण रागावले का? अजिबात नाही. कुतूहल चाळवलं होतं ना! मग काटा कुठे चढतो ते शोधत माणूस घरभर फिरायला लागला. स्वयंपाकघरात कमी. हॉलमध्ये बरा. बाथरूमच्या खिडकीत चांगला. त्यामुळे दोन दिवस बहीण-भावाचं बोलणं बाथरूममधून. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी काटा एकदम पार उजवीकडे गेला. ताईचा मला फोन, "तुझे दाजी टाकीवर चढलेत. डॉक्टरांनी जिने कमी करायला सांगितलंय, आणि हे टाकीवर. ये आणि उतरव." गेलो. टाकीला पाठ लावून दाजी उभे, वारा सुटलेला, आणि उरलेसुरले केस उडतायत, त्या होर्डिंगवरच्या बाईसारखे. फोनवर आक्का. "आक्का, वडिलांचा लाडका मीच होतो." ...शांतता... "तूच होतास रे." दाजींनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

खाली उतरलो, तर रस्त्यावर एक माणूस गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून, शेजारी चार मोबाईल मांडून बसलेला. नेटवर्क तपासायला आलेला इंजिनिअर. देवच भेटला म्हणायचा! दाजींनी त्याला जे धरलं. पण मुलगा... म्हणजे मुलगा कसला, चांगला पोट सुटलेला गृहस्थ होता, पण सज्जन. त्याने नीट सांगितलं. म्हणाला, काका, वेग वेगळा आणि उशीर वेगळा. ट्रकमध्ये माल किती मावतो तो वेग. ट्रक पोचायला वेळ किती लागतो तो उशीर. जाहिरातीत सगळे ट्रकचा आकार सांगतात, कधी पोचणार ते कुणी सांगत नाही.

दाजींना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या माणसाचा हात हातात घेतला. "उशीर मोजता येतो?" येतो की. त्याने मोजला. म्हणाला, इथून जाऊन परत येतंय ते पापणी लवायच्या आत. "आणि काका, तुम्ही नुसतं बोलता ना? सिनेमे-बिनेमे नाही? मग तुम्हाला ह्यातलं काहीच लागत नव्हतं. बोलायला टू जीसुद्धा पुरतं."

"म्हणजे मी बहिणीशी भांडायला चौपदरी रस्ता बांधून घेतला?"

"तसंच म्हणायचं."

मग अडकतंय कुठे? इंजिनिअर म्हणाला, तुमच्या बाजूने चोख आहे, पलीकडे बघा. झालं. दाजींचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळची बस, शेजारच्या सीटवर मी, माझं दुकान पुन्हा बंद. तोवर माझ्या गिऱ्हाइकांना वाटायला लागलं होतं, की मीच आजारी आहे.

बसमध्ये दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. एरवी हा माणूस प्रत्येक पेट्रोलपंपावर शेरा मारतो. त्या दिवशी गप्प. मग एकदम म्हणाले, "मेव्हणे, घरात सगळे मला जपतात. चांगली माणसं आहेत. पण जपलं ना, की मला वाटतं मी अर्धा गेलोच. आक्का अंगावर आली की वाटतं, नाही, आहे मी अजून, पूर्ण वजनाचा आहे. आता तीही बरं म्हणायला लागली. तिकडेही सगळं चोख निघालं, तर मग काय करायचं? मला त्याची भीती वाटते." मी म्हटलं, तिकडचा टॉवर जुना असेल. नंबर काढताना खालची ओळ कुणाला दिसली नाही, तर आम्ही म्हणतो ना, आज प्रकाश कमी आहे... तसंच.

आक्काचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर तिचा फोन, फोनशेजारी पाण्याचा तांब्या आणि पेला. आम्हाला दारात बघून ती आधी घाबरली. "काय झालं? छोट्या, बरा आहेस ना?" दाजी म्हणाले, "तपासणीला आलोय," आणि तिचा फोन उचलून सगळ्या घरात फिरले. कोपऱ्यात बघितलं, काटा लावला, खिडकीत, दारात, मोरीपाशी. सगळीकडे चोख. अहो, दाजींच्या घरापेक्षा चांगला! त्या बाईला ते ठाऊकही नव्हतं, तिच्या लेखी कोपऱ्यात काहीतरी लिहिलेलं असतं एवढंच.

दाजी खुर्चीत बसले. आक्काने चहा आणून ठेवला आणि टेबलापलीकडे बसली. दोघांच्या मध्ये ना फोन, ना टॉवर, ना कंपनी, एवढंसं लाकडी टेबल. दाजींनी घोट घेतला, सवयीने, अगदी सवयीने बोलून गेले, "आक्का, चहा आहे का बस धुतलेलं पाणी?"

आक्काने पेला उचलला. एक घोट पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. पदराने ओठ टिपले. आणि म्हणाली, "बरं."

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तेच दोन सेकंद! फोनवर ऐकू यायचे तेच, समोरासमोर. दाजी माझ्याकडे बघतायत, मी दाजींकडे. दाजींनी पुन्हा प्रयोग केला, "तुझ्या अनाउन्समेंट ऐकून अर्धं गाव चुकीच्या गाडीत बसायचं." पेला. घोट. पदर. "बसत असतील." दाजींनी हात लांब केला आणि तो पेला हळूच उचलून माझ्या हातात दिला. "मेव्हणे, धरा. आक्का, आता बोल. काय चाललंय हे?"

आक्काने एकदा माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं, एकदा दाजींकडे. मग एकदम रडायलाच लागली. आक्का! जिने बसस्टँडवर दंगल झाली तेव्हासुद्धा आवाज न कापता गाड्या सोडल्या होत्या.

म्हणाली, "दवाखान्यात मी तुला बघायला आले होते. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे मिटून पडलेला. मी म्हटलं, छोट्या, पुरे झाली नाटकं, ऊठ. एवढंच म्हटलं रे. आणि त्या मशीनवरची रेघ... सरळ झाली. टीऽऽ असा आवाज. नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. नंतर मला म्हणाली, आजी, पेशंटला लागेल असं बोलू नका. तोंडात शब्द आला की आधी घोटभर पाणी प्यायचं, मग बोलायचं. मी त्या दिवशी तुला मारलंच होतं, छोट्या. तेव्हापासून फोन वाजला की आधी तांब्या भरून घेते."

दाजी काही बोलेनात. आता उशीर त्यांच्या बाजूला. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आक्का, ती वायर निघाली होती."

"काय?"

"छातीवर चिकटपट्टी लावतात ना, वायरची. ती खाजत होती. मीच ओढली. तुझा आवाज ऐकला, हसू येत होतं, ते दाबायला म्हणून खाजवलं आणि निघाली. मी जिवंत होतो. चांगला जिवंत होतो. नर्सने परत चिकटवली आणि मलाही झापलं."

आक्का बघतच राहिली. मी पेला घट्ट धरून ठेवला, म्हटलं हिने मागितला तरी द्यायचा नाही. मागितला नाही. तिने नाक पुसलं, आणि मग, काय सांगू तुम्हाला, धरण फुटावं तसं... "खाजत होती? तुला खाजत होती म्हणून मी इतके दिवस पाणी पितेय? तुझ्याशी बोलून झालं की मला किती वेळा उठावं लागतं माहितीये? गुडघे गेले माझे! आणि चहाला नावं ठेवतोस, तुझ्या जिभेला चव होती कधी? लहानपणी खडू खायचास तू. आणि कुत्रं तपकिरी होतं. तपकिरी! मी असेल म्हटलं ते तुझा जीव वाचवायला म्हटलं. आणि वडिलांची लाडकी मी, तुला आणलं ते मला खेळायला कुणीतरी हवं म्हणून..." बाई श्वास घेईना, एकीकडे डोळे पुसतेय आणि एकीकडे बोलतेय. साठलेलं सगळं, एकेका फोनचं. आणि दाजी हसतायत, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, आणि मध्येच तोंड उघडतायत की तिचं पुढचं वाक्य त्यांच्यावर आदळतंय. उशीर? त्यांचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच उत्तर येत होतं. तो इंजिनिअर हवा होता तिथे, मोजायला.

जेवताना त्यांनी आरशाच्या तड्यावरून भांडून घेतलं, आणि परतीच्या बसमध्ये दाजींनी प्रत्येक पेट्रोलपंपावर शेरा मारला. मी घरी आल्यावर पत्त्यांत त्यांना तीन डाव सलग हरवलं. ताई म्हणाली, "आता कसं, घर घरासारखं वाटतंय."

इथे गोष्ट संपायला हवी की नाही? संपली असती, तर मी तुम्हाला पकडून बसवलं असतं का? अहो, परवा संध्याकाळी भांडण ऐन रंगात आलेलं, आणि नेटवर्क गेलं. खरोखर गेलं. आमच्याकडे सगळ्यांचंच गेलं, माझंही, शेजाऱ्यांचंही, कोपऱ्यातला पाच तसाच आणि फोन मेलेला. आणि पलीकडून आवाज नाही म्हणून दाजी ओरडतायत, "आक्का! पेला खाली ठेव! मी ठणठणीत आहे, बोल!" जरा वेळाने तिचा फोन आला, "अरे, रेंज गेली होती." तर म्हणतात, "खोटं बोलू नकोस. माझ्याकडे फाइव्ह जी आहे." मी समजावलं, नंबर घेऊन ठेवला होता, त्या इंजिनिअरला फोन लावून दिला, माझाही फोन बंद पडला होता म्हणून सांगितलं. ऐकतील तर शपथ. ज्या माणसाने 'पर्यंत' ह्या एका शब्दावरून दुकान डोक्यावर घेतलं, तो आता त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो, आणि बहिणीकडे मात्र पुरावा मागतो.

आणि आज सकाळी, माझ्या पायरीवर उभे असताना, कंपनीतूनच फोन. ग्राहक सेवेची पाहणी चालू आहे, आपल्या भागात वारंवार सेवा खंडित होत असल्याच्या तक्रारी आहेत, आपला अनुभव कसा आहे, सर? मी म्हटलं, आता सोडणार नाहीत, आता ते वजन, तो शिक्का, सगळं काढतील बाहेर. दाजींनी चष्मा सारखा केला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "नेटवर्क एकदम चोख आहे हो तुमचं. आमची बहीणच पाणी पिते."